शेवटचं कधी खाल्लंत?

डॉ. नाबर कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ते विचारत, ‘‘शेवटचं कधी खाल्लंत? आणि काय?’’ पोस्टमनला, लायब्ररीतल्या बाईंना, गणपतीच्या आरतीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना हाच प्रश्न. जुन्या लोकांना सवय होती. ते ‘सकाळी, दोन टोस्ट’ असं शहाण्यासारखं उत्तर देऊन टाकत. नवी माणसं मात्र गडबडत. पुण्याहून बर्मिंगहॅमला नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला वाटलं की हे आपल्याला जेवायलाच बोलावतायत. ‘आज नको काका, पुन्हा कधीतरी नक्की’ असं म्हणून ते मोकळे झाले. डॉक्टरांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, ‘‘मी बोलावलेलं नाही. मी फक्त विचारलं.’’

डॉक्टरांचाही दोष नव्हता. हा माणूस आयुष्यभर भूल देत आला होता. बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, म्हणून त्या खात्याचा पहिला प्रश्न हाच असतो. पण नाबरांचा एक दुसराही प्रश्न होता आणि तो त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. सुई टोचून झाली, औषध आत जायला लागलं, की ते पेशंटच्या कानाशी वाकून विचारत, ‘‘जागे झाल्यावर पहिलं काय खाणार?’’ माणूस सांगायला लागे. कुणी रविवारचं रोस्ट सांगे, कुणी आईच्या हातचा खिमा. सांगता सांगता डोळे मिटत. माझं पित्ताशय काढलं तेव्हा टेबलाशी तेच उभे होते. मी थालीपिठापर्यंत पोचले आणि गेले. शुद्धीवर येताना पहिला शब्द म्हणे ‘लोणी’ उच्चारला. लोणी कोण, असं नर्सने आमच्या ह्यांना विचारलं होतं.

अंगकाठी उंच, नाक लांब, केस मागे चापून बसवलेले. टायशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. दूध आणायला निघाले तरी टाय, कौन्सिलचे कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला आले तरी टाय. मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मासे हा धर्म. पण त्यांच्या धर्माला दोन दारं होती. घरात पाटावर बसल्यासारखे मांडी घालून खुर्चीवर बसत आणि पाचही बोटांनी बांगड्याचा काटा न् काटा वेगळा करत. बाहेर मात्र काटा-सुरी. मराठी मंडळाच्या पिकनिकला बटाटेवडासुद्धा सुरीने कापताना मी त्यांना पाहिलेलं आहे. ‘‘इथल्या लोकांसमोर हाताने खायचं नाही, असं मी आल्या दिवशी ठरवलं,’’ असं ते सांगत. का ठरवलं, हे कधी सांगितलं नाही. ज्या काळात ते आले त्या काळातलं काहीतरी असणार, म्हणून मीही खोदून विचारलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून माझा आणि त्यांचा कायम खटका उडे. ह्या माणसाला स्वतःच्या हाताने वाढून घेतलेलं अन्न जात नसे. खरोखर जात नसे. सुधाताई, म्हणजे त्यांची बायको, ताट वाढून समोर ठेवायच्या, शेजारी उभ्या राहायच्या, ‘अजून एक तुकडी घ्या’ म्हणायच्या, हे ‘नको नको’ म्हणायचे, मग ती तुकडी पानात पडायची आणि मग ह्यांचं जेवण सुरू व्हायचं. सुधाताई स्वतः शाळेत शिकवून दमून आलेल्या असायच्या, तरी हे चुकलं नाही. मी एकदा तोंडावर म्हटलं, ‘‘डॉक्टर, इतकी माणसं झोपवलीत, एक भाताचा डाव उचलता येत नाही?’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘उचलता येतो हो शैलाताई. पण मग ते जेवण होत नाही, फीडिंग होतं.’’ मला ह्या वाक्याचा फार राग आला होता. पुरुषांचे लाड असे छान शब्दांत सांगता येतात, असं मी घरी येऊन धुसफुसले.

सुधाताई गेल्या त्या वर्षी मला कळलं की ते वाक्य लाडाचं नव्हतं. किंवा लाडाचं होतंच, पण खरंही होतं.

माझं औषधांचं दुकान त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर. आमची दुकानांची ओळ लहानशी, एक लॉण्ड्री, एक न्हावी, मी, आणि माझ्या शेजारी एक बंद पडलेलं बेटिंग शॉप. डॉक्टर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत. टाय होता, बुटांना पॉलिश होतं, पण मधला माणूस आटत चालला होता. पट्ट्याला त्यांनी घरीच खिळ्याने एक नवं भोक पाडलं होतं. मग आणखी एक. डबे पाठवून झाले. मी पाठवले, मंडळातल्या चार घरांनी पाठवले. डबे धुऊन, पुसून, धन्यवादाच्या चिठ्ठीसह परत येत आणि आतलं बहुतेक फ्रीजमध्ये तसंच असे. सकाळी दह्यात केळं, संध्याकाळी केळ्याशिवाय दही. लोकांना ते अजून विचारत, ‘‘शेवटचं कधी खाल्लंत?’’ दुसरा प्रश्न मात्र बंद झाला होता. पुढे काय खाणार, हे त्यांनी कुणाला विचारलेलं मी त्या काळात ऐकलं नाही.

त्यांची मुलगी अनघा लंडनजवळ क्रॉयडनला असते. इथेच जन्मली, इथेच वाढली, व्हिसाच्या ऑफिसात वरच्या जागेवर आहे. ती उन्हाळ्यात आली, बापाचा पट्टा पाहिला आणि माझ्या दुकानात, माझ्यासमोर त्यांना म्हणाली, ‘‘बाबा, असा नाही चालणार. तुझा weight बघ. मी ईस्टरला येते. तोपर्यंत जर तू proper खायला नाही लागला, तर मी तुला घेऊन जाते. घर विकूया. Final.’’

डॉक्टर काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्या सरळ रांगेत लावत राहिले. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाले, ‘‘तिचं बरोबर आहे.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘त्या घरातून मला जायचं नाहीये, शैलाताई.’’ एवढंच. त्या घराच्या मागच्या खिडकीत सुधाताईंची तुळस होती, दर हिवाळ्यात मरायची आणि दर मे महिन्यात त्या नवी लावायच्या. अनघाच्या फ्लॅटमध्ये तिची स्वतःची खिडकीही धड उघडत नव्हती.

सप्टेंबरात त्या बेटिंग शॉपचं कुलूप निघालं. आत सुतारकाम, मग पिवळा रंग, मग पाटी. लुइझियाना पद्धतीची सँडविचेस. आमच्या ओळीत कुणालाच लुइझियाना नक्की कुठे ते माहीत नव्हतं. अमेरिकेच्या तळाशी, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, असं लॉण्ड्रीवाल्याने फोनवर बघून सांगितलं. मालकीणबाई लोरेन, पन्नाशीच्या पुढची, काळी, ठसठशीत, आवाज असा की माझ्या भिंतीतून ऐकू यावा. नवरा इथला, बसचा ड्रायव्हर. त्याच्यामागे ती ह्या थंडीत आली होती आणि त्याबद्दल रोज त्याला बोलत होती. तिच्या सँडविचचं नाव पो-बॉय. हातभर लांब पाव, वरून इतका कडक की दाबला की खपल्या उडतात, आत कापसासारखा. त्यात मक्याच्या पिठात घोळवून तळलेली कोळंबी किंवा कालवं, वर लेट्यूस, टोमॅटो, लोणच्यातली काकडी, तिखट मेयोनीज. संपावर गेलेल्या कामगारांना कधीकाळी हे फुकट देत असत, म्हणून गरिबांचं सँडविच, असं ती सांगायची.

दुकान छान होतं आणि रिकामं होतं. आमचे लोक दारावरून जाताना पाटी वाचत आणि पुढच्या चौकात कबाब खायला जात.

नाबर तिथे गेले ते वासामुळे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. औषध घेऊन बाहेर पडले, दोन पावलं गेले आणि फुटपाथवर उभे राहिले. शेजारी कोळंबी तेलात पडली होती. तो वास त्या रस्त्यावर सुधाताईंच्या खिडकीतून यायचा, आणि तो येऊन वर्ष होऊन गेलं होतं. ते आत शिरले. मला राहवेना. मी ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी दाराला लावली आणि मागोमाग गेले. काउंटरमागे लोरेन एकटीच.

डॉक्टर म्हणाले, ‘‘शेवटचं कधी खाल्लंत?’’

हा प्रश्न गिऱ्हाईकाने हॉटेलवालीला विचारायचा नसतो. लोरेन बघत राहिली. मग म्हणाली, आणि हे मी माझ्या मराठीत सांगतेय, ‘‘हनी, हे दुकान उघडल्यापासून मला कुणी हे विचारलं नव्हतं. पहाटे कॉफी घेतली. बस.’’

‘‘मग तुमच्यासाठी एक करा,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आणि माझ्यासाठी एक.’’

दोघं समोरासमोर बसले. डॉक्टरांनी काटा-सुरी मागितली. त्या पावावर सुरी चालवल्याबरोबर खपल्या उडाल्या, कोळंबी टेबलावर सांडली, टायवर मेयोनीज. लोरेनने सुरी सरळ काढून घेतली. ‘‘डॉक, माझ्या दुकानात हे हाताने खातात. दोन्ही हातांनी.’’ नाबरांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात आम्ही तिघंच होतो. त्यांनी कोटाच्या बाह्या मागे घेतल्या, टाय खांद्यावर टाकला, सँडविच दोन्ही हातांनी उचललं आणि चावा घेतला. लोरेन स्वतःचं खायचं सोडून त्यांच्याकडे बघत बसली. अर्धं संपल्यावर उठली, कढईतून चार तळलेल्या कोळंब्या आणल्या आणि न विचारता त्यांच्या ताटात टाकल्या.

‘‘नको नको,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘ह्याचे पैसे नाहीत. आमच्याकडे वर थोडं द्यायची रीत आहे. लान्याप म्हणतात.’’

भाजीवाली कोथिंबीर आणि दोन मिरच्या वर टाकते तशातलं हे, मी मनात म्हटलं. डॉक्टरांनी त्या चार कोळंब्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून माझ्या दुकानात गेले.

त्या दिवसापासून ते रोज दुपारी तिथे. लोरेनने त्यांना विचारलं, तुमची बायको कोळंबी कशी तळायची? ‘‘रवा लावायची.’’ आणि आधी काय लावायची? मसाला कुठला, आंबट काय? डॉक्टर म्हणाले, ‘‘मला वाढलेलं माहीत आहे, केलेलं माहीत नाही.’’ हे सांगताना त्यांना लाज वाटली, असं लोरेन मला म्हणाली. मला त्यांची दया आली आणि थोडं बरंही वाटलं. कोकम आणि हळद-तिखट मग मीच लोरेनला नेऊन दिलं.

डॉक्टर जेवू लागले होते, पण दुकान चालेना. नोव्हेंबर लागला. चार वाजता अंधार, पाऊस, आणि लोरेन काउंटरवर कोपर टेकून बसलेली. ख्रिसमसनंतर बंद करावं लागेल असं ती नवऱ्याशी बोलताना भिंतीतून ऐकू आलं. मला पहिल्यांदा काळजी वाटली ती डॉक्टरांची. हे बंद पडलं की पुन्हा दही, आणि मग क्रॉयडन. डॉक्टरांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी आयुष्यात केला नव्हता असा उद्योग केला. एका शनिवारी संध्याकाळी सबंध मराठी मंडळाला त्यांनी लोरेनकडे जेवायला बोलावलं. स्वतः फोन केले. दिवाळीच्या कार्यक्रमाला न आलेली माणसंही ‘डॉक्टर बोलावतायत’ म्हणून यायला तयार झाली. लोरेनने सकाळीच बाजारातून कालवं आणली, कोळंबी सोलली, मोठी कढई घासून त्यात नवं तेल ओतलं.

सहाला माणसं यायला लागली. रेशमी साड्या, वर जाड कोट. पाटणकर आजी, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, काठी टेकत आत आल्या, वास घेतला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, ‘‘वसंतराव, आज संकष्टी आहे.’’

मी हे इथे कबूल करते की मलाही आठवलं नव्हतं. पण माझ्याकडून ती अपेक्षाच नसते. आलेल्या निम्म्या बायकांना उपास होता. त्यांना वाटलं होतं डॉक्टरांनी मुद्दामच संकष्टी धरून, उपास सोडायला बोलावलंय. उरलेल्यांना उपास नव्हता, पण चतुर्थीला मासे खाणारं त्यांच्यातही कुणी नव्हतं. डॉक्टर भिंतीला टेकले. कालनिर्णय बघणं हे त्यांच्या घरात सुधाताईंचं खातं होतं. स्वयंपाकघरातलं त्यांचं कॅलेंडर अजून त्या गेल्या त्याच महिन्यावर होतं.

‘‘काय झालं?’’ लोरेनने मला विचारलं. मी सांगितलं, आज उपास आहे. तिचा चेहरा उजळला. ‘‘मग छानच झालं की. उपासाला मासेच तर खायचे असतात.’’ ती कॅथलिक. तिच्या गावी ईस्टरच्या आधीचे शुक्रवार म्हणजे मटण बंद आणि कालवांवर ताव. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, बाई, आमचा गणपती तसला नाही.

तिने एकदा कालवांच्या टोपल्यांकडे पाहिलं, एकदा त्या साड्यांकडे. पाटणकर आजींनी पुढे होऊन विचारलं, ‘‘Lorraine dear, ह्या तेलात fish तळला का?’’ लोरेन म्हणाली, अजून काहीच तळलेलं नाही, तेल कोरं आहे. ‘‘मग बटाटा आहे का?’’

बटाटा होता. लोरेन म्हणाली, खरं तर तिच्या गावात सगळ्यात जुना पो-बॉय बटाट्याचाच, गरिबांना तोच परवडायचा. कांदा-लसूण नको, असं आजींनी बजावलं. मग टोमॅटो आणि लोण्याचा दाट रस्सा शिजायला लागला, त्यात माझी हळद-तिखट पडली. दोघीतिघी कोट काढून बटाटे चिरायला आत शिरल्या.

आता वाट फक्त चंद्रोदयाची होती, आणि त्यावरून भांडण जुंपलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, कॅलेंडरात मुंबईची वेळ आहे, ती कधीच उलटून गेली, सोडा उपास. पाटणकर आजी म्हणाल्या, ‘‘मुंबईचा चंद्र मुंबईकरांना. मी बर्मिंगहॅमला उपाशी आहे.’’ कुणीतरी फोनवर इथली वेळ काढली, अजून अर्धा तास होता. डॉक्टर छत्री घेऊन बाहेर गेले आणि बसस्टॉपपाशी आकाशाकडे तोंड करून उभे राहिले. हजारो लोकांना त्यांनी उपाशी ठेवलं होतं, पण कुणाच्या उपासासाठी पावसात उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली असेल. ढग असे की चंद्र काय, समोरचं चर्चही दिसत नव्हतं. वेळ झाल्यावर ते आत आले आणि म्हणाले, ‘‘उगवला असणार.’’ सगळ्यांनी लॉण्ड्रीच्या दिशेला हात जोडले, कारण पूर्व तिकडे होती.

आणि मग ती गोष्ट घडली. लोरेनला हात दोनच. ताटं भरून काउंटरवर साचायला लागली, उपाशी माणसं बसलेली. नाबरांनी एक ताट उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. ते ताट त्यांनी पाटणकर आजींसमोर ठेवलं, सगळ्यात मोठ्या त्या म्हणून. मग दुसऱ्या क्रमांकाच्या आजींना, मग आजोबांना, अगदी पंगतीच्या शिस्तीने. ताट सरळ धरायची सवय नव्हती, रस्सा टायवर आला. सगळ्यांना पोचल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून निघाले. ‘‘अजून अर्धा घ्या.’’ ‘‘नको हो डॉक्टर.’’ ‘‘घ्या हो, सकाळपासून उपाशी आहात.’’ सुधाताईंचाच सूर. तोच, शब्दाला शब्द. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच पदर डोळ्यांना लावला. मी मात्र डोळे मोठे करून बघत होते, कारण हे मला चुकवायचं नव्हतं. सगळ्यात शेवटी ते आत गेले, एक ताट स्वतः वाढलं आणि लोरेनला स्टुलावर बसवून तिच्या हातात दिलं.

‘‘शेवटचं कधी खाल्लंत?’’ त्यांनी तिला विचारलं. आणि मग, वर्षभरात मी ऐकला नव्हता तो प्रश्न. ‘‘उद्या पहिलं काय खाणार?’’

‘‘कालवं,’’ लोरेन म्हणाली. ‘‘डोंगरभर उरली आहेत.’’

हे पाटणकर आजींनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी रविवार. संकष्टी उतरली होती आणि आमच्या लोकांच्या नाकात आदल्या दिवशीचा माशाचा वास होता. दुपारी बाराला दारात रांग लागली. आजी सर्वात पुढे. कालवं संपली, कोळंबी संपली, पाव संपला. दोन दिवसांत वास्तविक फारसं काही घडलं नव्हतं, एका माणसाने कॅलेंडर बघितलं नव्हतं, एवढंच. पण रविवार ठरून गेला. मग आमच्या लोकांनी ऑफिसातले लोक आणले, त्या लोकांनी आपले. ख्रिसमसनंतर दुकान बंद झालं नाही. पावावर कोकम लावलेली रव्यातली कोळंबी पाटीवर आली आणि तिला लोरेनने सुधाताईंचं नाव दिलं. डॉक्टरांनी आक्षेप घेतला. ‘‘सुधाला प्रसिद्धी आवडायची नाही.’’ पण सगळ्यांना तीच घ्या असं तेच सांगत.

कारण आता ते तिथे वाढायचे. पगार नाही, वेळ ठरलेली नाही. टायवर एप्रन. नवीन माणूस आत आला की खुर्ची मागे ओढून द्यायची आणि विचारायचं, शेवटचं कधी खाल्लंत. इंग्रज लोकांना आग्रह म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते ‘no, thank you’ म्हणतात आणि त्यांना खरंच नको असतं. डॉक्टर ते मानत नसत. ताटात वरची कोळंबी पडायचीच, आणि आश्चर्य म्हणजे माणसं खायची. स्वतः डॉक्टर दुपार ओसरल्यावर जेवायला बसत, तेव्हा लोरेन वाढत असे.

ईस्टरला अनघा आली. मोठी रिकामी सूटकेस घेऊन. घरी कुणी नाही, म्हणून तशीच सूटकेस ओढत माझ्याकडे. ‘‘शैलाआंटी, बाबा कुठे आहे? फोन नाही उचलत.’’ मी तिला शेजारी नेलं. दुकान भरलेलं होतं. तिचे बाबा, ज्यांनी तिच्या देखत कधी पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता, ते दोन्ही हातांत ताटं घेऊन टेबलांमधून वाट काढत होते. ती दारातच थांबली. त्यांनी तिला पाहिलं, ताटं पोचवली, हात पुसले आणि कोपऱ्यातली खुर्ची मागे ओढली.

‘‘शेवटचं कधी खाल्लंस?’’

‘‘ट्रेनमध्ये. Crisps चा packet.’’

‘‘बस.’’

त्यांनी तिला वाढलं. शेजारी उभे राहिले. ‘‘अजून एक तुकडी घे.’’ अनघा खाली मान घालून दोन्ही हातांनी खात होती. मग तिने एप्रनच्या कडेने दिसणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. तो जुन्या भोकावर, दुकानातून आणतानाच्या भोकावर होता. ‘‘बाबा, हा तर आईसारखा लागतो,’’ ती म्हणाली आणि रडायला लागली. डॉक्टरांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच समजत नसे, त्यांचे पेशंट झोपलेले असायचे. त्यांनी तिच्या ताटात आणखी चार कोळंब्या घातल्या.

ती सूटकेस क्रॉयडनला भरूनच गेली. आत सुधाताईंच्या साड्या होत्या. ते कपाट त्या गेल्यापासून त्यांनी कुणाला उघडू दिलं नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणानंतर दोघांनी बसून रिकामं केलं. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. मे महिन्यात मागच्या खिडकीत नवी तुळस दिसली.

पुढे दोन वर्षांनी माझे गुडघे बोलायला लागले, मी दुकान विकलं आणि आम्ही ब्रिस्टलला मुलाजवळ राहायला आलो. इथेच गेल्या शरदात लोरेनचा फोन आला. डॉक्टर झोपेत गेले, सकाळी उठले नाहीत. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून विचारलेलं नव्हतं. ‘‘शेवटचं काय खाल्लं त्यांनी?’’

लोरेनला ह्या प्रश्नाची सवय होती. ‘‘संध्याकाळी सातला. अर्धा कालवांचा पो-बॉय, वर दोन जास्त. कॉफी. आणि जाताना सांगून गेले, उद्या सुरमई मिळाली तर बघ.’’

फोन ठेवल्यावर मला ते दिसले ते मी दुकान सोडलं त्या दिवशीचे. किल्ल्या देऊन झाल्या होत्या, आमचे हे गाडी आणायला गेले होते. मी लोरेनकडे निरोप घ्यायला शिरले, उभ्याउभ्याच. डॉक्टरांनी खुर्ची मागे ओढली. ‘‘शैलाताई, शेवटचं कधी खाल्लंत?’’ मला आठवेना. बांधाबांधीत काहीतरी तोंडात टाकलं असेल. दुकानात इतकी वर्षं मी काउंटरमागे उभ्याने डबा खाल्ला, घरी सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं. मी म्हटलं, अहो गाडी येईल. ते म्हणाले, ‘‘गाडी थांबेल. बसा.’’

त्यांनी ताट आणलं, सरळ धरून, एक थेंब न सांडता. समोर ठेवलं. शेजारी उभे राहिले. माहेर सुटल्यापासून मला कुणी असं वाढलं नव्हतं, हे मला पहिला घास घेताना कळलं, आणि मग दुसरा घेता येईना. त्यांनी ते पाहिलं न पाहिलंसं केलं आणि वाकून, ऑपरेशनच्या टेबलाशी वाकायचे तसेच, विचारलं, ‘‘तिकडे पोचल्यावर पहिलं काय खाणार?’’

‘‘थालीपीठ,’’ मी म्हटलं.

‘‘आणि?’’

‘‘लोणी.’’

‘‘मग ठीक आहे,’’ ते म्हणाले. बाहेर हॉर्न वाजला. मी गाडीत बसून मागे पाहिलं तेव्हा ते दारातल्या एका भिजलेल्या, अनोळखी माणसाची छत्री हातात घेत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढत होते.